ओल्या कोब्यावरची फरशी

‘जी गोष्ट बिघडल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही, ती घडवणाऱ्याचे कौशल्य दाखवायचे कशावरून?’ दैवशालाविषयीचे माझे टिपण वाचून सहकारी निवेदिता यांनी हा प्रश्न विचारला. दैवशाला कारखान्यांच्या फरश्या करते. शहाबादीच्या किंवा टाइल्सच्या नव्हेत, तर काँक्रीटच्या कोब्यावर रेझिनचा थर देऊन केलेल्या, सांधा नसलेल्या अखंड फरश्या. उत्तराऐवजी तिच्या पहिल्या स्वतंत्र कामाची हकीकत सांगणे मला अधिक रास्त वाटते.

तिचे आईवडील, सुलाबाई आणि रामहरी, जिंतूर तालुक्यातले. दिवाळी झाली की मुकादमाच्या ट्रकमधून ऊसतोडीला जायचे, हा त्यांच्या वर्षाचा क्रम. मुलगी वसतिगृहात राहून स्थापत्याची पदविका करून वाळूजच्या एका ठेकेदाराकडे फरशीचे काम शिकली आणि २०२२ मध्ये परभणीला परतली. पुढच्या वर्षी पोखर्णीच्या रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या दूध प्रक्रिया केंद्राचे काम तिला मिळाले, तेव्हा तिने वडिलांना सांगितले, “औंदा मुकादमाला न्हाई म्हणा. तुमी दोघं माझ्यासंगं साइटवर चला.” हे काम फसले असते, तर दुसरे मिळणे कठीण होते, आणि त्या दोघांना पुन्हा फडावर जावे लागले असते. तिघांनाही ते ठाऊक होते.

केंद्राचे मालक अप्पाराव हे निवृत्त मुख्याध्यापक. नांदेडच्या एका रुग्णालयात त्यांनी एपॉक्सी नावाच्या रेझिनची चकचकीत फरशी पाहिली होती आणि तिच्यापुढे त्यांना दुसरे काही रुचत नव्हते.

“बाई, फरशीत तोंड दिसलं पाहिजे.”

“काका, लोक दूध घ्यायला येणार का तोंड बघायला?”

“दोन्हीला येऊ द्या की!”

दैवशाला हसली खरी. पण पहिल्याच कामात मालकाचा शब्द मोडणे तिला जड गेले, आणि सगळीकडे एपॉक्सीच ठरली.

एपॉक्सीची मोठी अट अशी, की खालचे काँक्रीट कोरडे हवे. आत ओल उरली तर ती वाट काढत वर येते, थराला फोड येतात आणि पुढे पापुद्रे सुटतात. म्हणून दैवशालाने कोब्यावर प्लास्टिकचा तुकडा ठेवून त्याच्या चारी कडा चिकटपट्टीने बंद केल्या. कोबा घालून बरेच दिवस झाले होते, वर छप्पर होते. ही तपासणी तिला निव्वळ उपचार वाटत होती. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक उचलले, तर त्याच्या आतल्या बाजूला थेंब जमले होते.

“बाबा, हितं पाणी कुणी मारलं?”

“मीच की,” रामहरी समाधानाने म्हणाले. “रोज पाजायलोय. तू माल बघायला परभणीला जायलीस, म्हणलं पोरीचं काम हाय, कच्चं ऱ्हाऊ नये.”

“अहो, कोबा कवाच पक्का झालाय!”

“शिमीटाला पाणी लय लागतं, माय.”

ज्या गावांत पिण्याचे पाणी टँकरने येते, तिथेही नव्या बांधकामाचे पाणी चुकवत नाहीत. रामहरींनी तोच धर्म पाळला होता. थांबायचे केव्हा, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते, दैवशालानेही नाही. तिचा चेहरा पाहून त्यांना काय ते उमगले. ते बाहेर गेले आणि मुकादमाला फोन लावून हळू आवाजात म्हणाले, “दोन माणसांची जागा ठेव.”

उद्घाटन दिवाळीच्या पाडव्याला ठरले होते. कोबा वाळेपर्यंत थांबणे शक्य नव्हते. दैवशाला पालथ्या बादलीवर बसली आणि तिने सारा विचार मुळापासून पुन्हा केला. या फरशीवर दूध सांडणार, आंबणार. रोज कढत पाण्याने धुणे होणार. कोरड्या कोब्यावरही एपॉक्सी इथे फार काळ टिकली नसती. सिमेंट आणि पॉलियुरेथेन यांचा जाड थर मात्र ओल सोसतो, उकळत्या पाण्याने सुटत नाही, दुधाच्या आंबटपणाला दाद देत नाही. फक्त तो चमकत नाही. आपोआप पसरून सपाटी आणणारे मिश्रणही धुण्याच्या दालनात कामाचे नव्हते, कारण तिथे सपाटी हाच दोष; पाणी नालीकडे धावले पाहिजे. ते मिश्रण कोरड्या पॅकिंगच्या खोलीपुरते, आणि त्याच्याखाली ओल अडवणारा थर. ही निवड आधीच करायला हवी होती, हे तिला कळून चुकले.

तिने अप्पारावांना आत नेऊन थेंब दाखवले, नव्या थराचा नमुनाही पुढे ठेवला. “काका, ह्याच्यावर चमक केली तर संक्रांतीपर्यंत फोड येतील.”

अप्पारावांनी थेंबांवरून बोट फिरवून पाहिले. “आणि तुझी ती मळकट फरशी?”

“मळकट न्हाई, मंद हाय. तोंड दिसणार न्हाई, पण फरशी सुटणार न्हाई.”

“आमचं तोंड तरी आता कुठं बघण्याजोगं राहिलंय,” अप्पाराव म्हणाले. “कर.”

थर पुरता घट्ट झाल्यावर, पाडव्याच्या आधी, धुण्याची चाचणी झाली. दैवशालाने कढत पाण्याची नळी वडिलांच्या हाती दिली. ते मागे सरले.

“मी न्हाई बाबा. एकदा मारलं ते बस झालं.”

“मारा. आता पायजे तेवढं मारा.”

वाफा उठल्या. पाणी कुठेही न रेंगाळता नालीकडे गेले. दैवशालाने गुडघ्यांवर बसून कडा चाचपल्या, लाकडी दांड्याने ठिकठिकाणी ठोकून पाहिले. कुठूनही पोकळ आवाज आला नाही. सुलाबाई तिथेच कोरड्या कोपऱ्यात मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, “आता कुणीतरी च्या करा.” रामहरींनी नळी ठेवली, ओले हात धोतराला पुसले आणि मुकादमाला पुन्हा फोन लावला.

२०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षांच्या गाळप हंगामांत रामहरी आणि सुलाबाई ऊसतोडीला गेले नाहीत.