नजरगहाण बँड

विलास परुळेकरांनी एका सहकारी बँकेत तेहेतीस वर्षं नोकरी केली, आणि ती सगळी दुसऱ्यांच्या वस्तूंवर संशय घेण्यात गेली. ते व्यापारी कर्ज विभागात होते. कर्ज मागणारा तारण म्हणून जे दाखवेल ते खरंच आहे का, त्याचंच आहे का, आणि उद्या विकायची वेळ आली तर कोणी घेईल का, हे जागेवर जाऊन बघायचं, हे त्यांचं काम. पिशवीत मोजपट्टी, विजेरी आणि एक लोहचुंबक कायम असे. लोखंडाला पितळेचा मुलामा देऊन फसवणारे त्यांनी बरेच पाहिले होते.

चिंचोटीजवळच्या एका पोल्ट्रीवाल्याने सहा हजार कोंबड्या तारण दाखवल्या, तेव्हा परुळेकर दुपारभर शेडमध्ये बसून राहिले. अहवालात लिहिलं, "कोंबड्या चार हजार एकशे. त्यातल्या बऱ्याच माझ्यावर नाराज." दुसरं वाक्य साहेबांनी खोडलं.

घरीही तेच. मीराताईंना बघायला गेले तेव्हा पोहे येण्याआधीच त्यांनी दिवाणखान्याच्या भिंतीवर टकटक केलं आणि होणाऱ्या सासऱ्यांना सांगितलं, "आत ओल आहे." मीराताई अजून सांगतात, "ओल होतीच. बाबांना हा मुलगा तिथेच पसंत पडला. मला जरा वेळ लागला."

तर अशा या माणसाच्या गळ्यात २०१८च्या डिसेंबरमध्ये मोठा ड्रम पडला.

गास गावच्या फेलिशिया तुस्कानोने वडिलांच्या मागे त्यांचा ब्रास बँड चालवायला घेतला होता. स्वतः ट्रम्पेट वाजवायची. वाद्यं जुनी झाली म्हणून तिने बँकेकडून कर्ज काढून नवी घेतली आणि तीच नजरगहाण ठेवली. म्हणजे माल तिच्याकडेच राहणार, वाजवणारही तीच, पण पैसे थकले तर हक्क बँकेचा. पुढे लग्नांतून डीजे घुसला, कामं कमी झाली आणि सात हप्ते थकले. नोटिसा गेल्या, मुदत संपली. शाखेचे व्यवस्थापक परेश गावणकर म्हणाले, "परुळेकर, रविवारी गासला लग्न आहे. सगळी वाद्यं एका जागी मिळतील. टेम्पो घेऊन जा."

"लग्नात, साहेब?"

"लग्नानंतर म्हणा. पण जा."

रविवारी दुपारी परुळेकर चर्चच्या आवारात पोचले. आत लग्नाची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, चालू होती, बाहेर आंब्याखाली बँडवाले बसले होते. त्यांनी यादी काढली आणि एकेका वाद्याला चुंबक लावून पाहिला. चुंबक कुठेच चिकटला नाही.

"पितळ चांगलं आहे," ते मनापासून म्हणाले.

"कर्ज पण चांगलंच होतं," फेलिशिया म्हणाली. "कुठे सही करू?"

परुळेकरांना वाद घालायची सवय होती. रडणं, आरडाओरडा, आमदाराचा फोन, सगळ्याची तयारी होती. सही मागून घेणारा कर्जदार त्यांना पहिल्यांदाच भेटला. तिने ताबापत्रावर सही केली आणि ट्रम्पेट त्यांच्या हातात ठेवला. बाकीच्यांनी आपापली वाद्यं टेम्पोत नेऊन ठेवली. ड्रम वाजवणाऱ्याने आता काम गेलं असं धरलं आणि मोटरसायकल काढून तो घरी निघून गेला.

तेवढ्यात घंटा झाली. नवरानवरी दारात आले. फुलं उडाली, टाळ्या वाजल्या आणि मग सगळं शांत झालं. इतकं शांत की टेम्पोवाल्याचं शिंकणं ऐकू आलं.

नवरीची आई थेरेसाबाई पायऱ्या उतरून आली. "बँड का नाही वाजत?"

"बँड आता यांचा आहे," फेलिशियाने परुळेकरांकडे बोट दाखवलं.

"तुमचा? मग वाजवा की! माणसं उन्हात उभी आहेत."

"बाई, मी बँकेचा माणूस आहे."

"माझ्या मुलीचं लग्न एकदाच आहे. तुमची बँक उद्यापण उघडेल."

परुळेकरांनी गावणकर साहेबांना फोन लावला. साहेब सासुरवाडीला जेवत होते. "काय ते तुमच्या पातळीवर बघा," ते म्हणाले, "फक्त तारण नजरेआड होता कामा नये." फोन बंद.

परुळेकरांनी ताबापत्राच्या मागे लिहिलं: 'सदर वाद्ये बँकेच्या देखरेखीखाली तात्पुरत्या वापरासाठी सोडली.' खाली सही केली, वेळ टाकली. टेम्पोतून वाद्यं उतरली. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन, सगळ्यांना माणसं मिळाली. ड्रम उरला.

"ड्रमशिवाय कोण चालणार?" थेरेसाबाई म्हणाली आणि तिने स्वतःच त्याचा पट्टा परुळेकरांच्या गळ्यात अडकवला.

"मला येत नाही हो!"

"सोपं आहे," फेलिशिया म्हणाली. "माझ्याकडे बघत राहा. मी मान हलवली की मारायचं. नाही हलवली तर गप्प बसायचं."

"एकोणतीस वर्षं बँकेत तेच करतोय," परुळेकर म्हणाले आणि त्यांनी काठी उचलली.

चर्चपासून मांडवापर्यंत दीड किलोमीटर, भाजीच्या वाड्यांमधून जाणारा अरुंद रस्ता. पहिल्या पाच मिनिटांत ते प्रत्येक ठोक्याला मागे पडत होते. त्यामुळे अख्खी वरात संथ झाली, आणि म्हाताऱ्या बायका खूश झाल्या की या वेळी कोणी पळवत नाही. पुढे हात बसला. ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या नथूने मध्ये थांबून बाटली पुढे केली, "साहेब, पानी घ्या. चेहरा लाल झालाय." परुळेकरांनी मान हलवून नको म्हटलं. हात थांबवायची त्यांना भीती वाटत होती. वळणावर नवऱ्याच्या काकाने खूश होऊन ड्रमच्या दोरीत शंभराची नोट खोचली. परुळेकरांनी मांडवात पोचल्यावर त्याला शोधून पावती दिली.

आणि तिथेच त्यांनी पाहिलं. ते जेवत होते, पण नजर तारणावर होती. पाहुण्यांतले तीन जण एकामागून एक फेलिशियाकडे आले आणि तारखा विचारून गेले. वाद्यं टेबलावर पडली होती, त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. सगळे तिच्याशी बोलत होते.

परुळेकर रिकामा टेम्पो घेऊन परतले. सोमवारी अहवाल दिला: 'वाद्यांची मोडीत किंमत चौऱ्याण्णव हजार. कर्ज बाकी चार लाख. तीच वाद्ये कर्जदाराच्या हातात असताना एका दुपारी तीन कामे मिळाली. जप्ती केल्यास बँकेचे नुकसान. शिवाय ड्रम वाजवणे अवघड आहे.'

"शेवटचं वाक्य काढा," गावणकर म्हणाले.

"ते प्रत्यक्ष पाहणीवर आधारित आहे, साहेब."

बरीच बोलणी खाऊन मुदत वाढवून मिळाली. अट एकच, प्रत्येक लग्नाची आगाऊ रक्कम थेट कर्जखात्यात. सव्वा वर्ष ठीक चाललं. मग करोना आला आणि लग्नंच थांबली. कर्ज समितीत परुळेकरांना विचारलं गेलं, "काय, तुमचा बँड?" त्यांना रात्री झोप लागेना असं मीराताई सांगतात. पण फेलिशिया आपल्या वाडीतली भाजी टोपलीत घालून दारोदार विकू लागली, आणि दर महिन्याला खात्यात काहीतरी येत राहिलं. एकदा चारशे, एकदा साडेसहाशे. एकही महिना रिकामा नाही.

परुळेकर २०२२च्या अखेरीस निवृत्त झाले. तीन महिन्यांनी शेवटचा हप्ता भरला गेला, तो बघायला ते मुद्दाम शाखेत गेले. नव्या अधिकाऱ्याने त्यांना रांगेत उभं केलं. ते उभे राहिले.

आता दर शनिवारी ते बोळिंजहून गासला जातात आणि फेलिशियाच्या वाडीतून भाजी आणतात. प्रत्येक वांगं उचलून, फिरवून, देठापाशी दाबून बघतात.

"काका, वांगं आहे ते," ती म्हणते. "त्यावर कर्ज द्यायचं नाहीये."

"कीड बाहेरून दिसत नाही," ते म्हणतात, आणि पूर्ण भावाने किलोभर घेतात.