बाभळीचा भुईनळा

आमच्या घरमालकांइतका रागीट माणूस अख्ख्या संभाजीनगरात सापडायचा नाही, आणि त्यातला निम्मा राग एकट्या कोळशावर आहे. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवून ते निवृत्त झाले. तेव्हापासून वर्षभर चिडायचं आणि दिवाळीला हौसेनं घरीच भुईनळे करायचे, एवढंच त्यांचं काम. मसाल्यात आणखी काय पडतं ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. पण भुईनळ्याचं नशीब कोळशात आणि कोळशाचं नशीब लाकडात, हे मात्र ते वाण्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ओरडून सांगतात. जिन्याखाली बिस्किटांचे जुने डबे आहेत. त्यांवर खडूनं लिहिलंय: तूर, पऱ्हाटी, रुई, एरंड, शेवगा.

मी खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्या हातावर दोन काळे तुकडे ठेवले. “ओळख.” आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिलाच, त्यामुळं जरा ऐटीत म्हणालो, “काका, मी केमिस्ट्रीचा पदवीधर आहे. दोन्ही कार्बनच.”

“कार्बन तुझ्या पुस्तकात! ही तूर. बोटानं चुरते, ठिणगी लागली की फुर्रकन वर. आणि ही बाभूळ. धोंडा! पेटायला हिला मुहूर्त लागतो!”

आतून काकू म्हणाल्या, “अहो, द्या त्याला खोली. निदान लाकूड ओळखल्याचं सोंग तरी केलं नाही.”

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याशी त्यांचं रोज वाजायचं. इस्त्रीतला निखारा चिमट्यानं उचलून ते विचारायचे, “ही चिंच की बाभूळ?” तो हात जोडायचा, “अंकल, मेरेकू शर्ट दाबना है, कोयले से रिश्ता नहीं करना!” माणसंही ते लाकडावरूनच ओळखायचे. थोरला जावई बाभूळ, शेजारचे वकील ओला एरंड. मला मात्र ते तुरीत काढायचे, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. नोकरीच्या अर्जात कुठं काय लिहायचं हेसुद्धा मला त्यांनीच शिकवलं. ओरडूनच, पण शिकवलं.

तिसऱ्या दिवाळीला फर्मान सुटलं, “गावाकडून तुराट्या आण. कोरड्या ठणठणीत. एक काडी ओली निघाली तर खोली खाली कर!” आई सिल्लोडकडून येणारच होती. तिला मी फोनवर सांगितलं. पण ज्या माणसानं लेकाला थारा दिला त्याच्या दारात काटक्या घेऊन जायचं तिच्या जिवावर आलं. आमच्याकडं तुराट्या कुडाला आणि चुलीला. म्हणून तिनं बांधावरच्या बाभळीचा कोळसा पाडला, टणक तेवढे तुकडे निवडले आणि नव्या पोत्यात भरून एसटीनं आणले.

“भाऊ, काटक्या काय द्यायच्या माणसाला? ह्यो घ्या. अस्सल हाय.”

काकांनी एक तुकडा फरशीवर टाकला. खण्ण! त्यांचे कान लाल झाले.

“बाभूळ! हिनं भुईनळा उडतो व्हय? त्यापेक्षा विटा आणायच्या!”

आईनं पदर तोंडाला लावला. त्या क्षणी माझं डोकं फिरलं. ज्यांच्यासमोर मी तीन वर्षं मान वर केली नव्हती, त्यांच्यावर मी ओरडलो, “काका, मला काय बोलायचं ते बोला! तिला नाही! एकेक तुकडा धुतलाय तिनं तुमच्यासाठी!”

“धुतलाय?” काका मटकन पायरीवर बसले. “कोळसा... धुतलाय?”

“तर! दोन पाण्यानं. उन्हात वाळवलाय,” आई म्हणाली.

एवढ्या मोठ्या अपराधाला पुरेल असा राग त्यांच्यापाशीही नव्हता. ते पोतं ओढत जिन्याखाली गेले आणि दार आपटलं. मी माझी पेटी भरायला घेतली. खालून दुपारभर खलबत्ता आणि शिव्या ऐकू येत होत्या.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. दिवेलागणीला गल्ली जमली. एरवी काकांचे भुईनळे गच्चीच्या वर जायचे. हा बाभळीचा फुसफुसला आणि गुडघ्याशीच थांबला.

वकील हसले, “काका, यंदा बसलं की तुमचं!”

“गप!”

मग ठिणग्या दिसल्या. जाड, शेंदरी. वर जाईनात, पण विझेनातही. जमिनीवर पडून लोळत होत्या. काकूंची मान आखडलेली. वर बघताच यायचं नाही. दरवर्षी त्या ओट्यावरच्या खुर्चीत बसून नुसते लोकांचे चेहरे बघायच्या. आज त्या पुढं वाकल्या. “अगं बाई! असा असतो होय?”

काका भुईनळ्याकडं बघतच नव्हते. तो विझल्यावर आईजवळ येऊन म्हणाले, “ताई, चुकलो. पुढच्या वर्षी असाच आणा.” आणि राहवलं नाही म्हणून, “फक्त धुऊ नका!” मी वर जाऊन पेटी रिकामी केली.

काकूंना जाऊन आता दोन वर्षं झाली. काका पुन्हा तुरीचेच भुईनळे करतात, गच्चीच्या वर जाणारे. तरी आई बाभळीचा कोळसा पाठवते, न धुतलेला. काका पिशवीवर खेकसतात आणि त्याचा एकच भुईनळा भरतात. यंदा तो लावायच्या वेळी मी नकळत ओट्यावरच्या खुर्चीत बसलो. लक्षात येताच दचकून उठायला लागलो. वाटलं, आता भडका उडणार.

काकांनी खांद्यावर हात ठेवून मला परत बसवलं. “बस,” ते म्हणाले. “आणि वर नको बघू.”