पंचांपुढं फोडलेली सुपारी

संस्थानातल्या शाळेत उर्दू जमेना म्हणून चौथीतच माझी शाळा सुटली आणि पोटासाठी मी बीदरकडून बोरीला आलो. सरकीच्या दुकानात वजनं करणारा तोलारी होतो. जातीतलं पोरगं उपाशी नको म्हणून काकांनी ओसरी दिली, काकूंनी भाकर. नात्याचे कुणी नव्हते ते माझे, मीच काका-काकू म्हणायचो. ते उपकार आठवले की आजही जीव दबतो.

अंमलदार दौऱ्यावर आला की गावानं त्याची ओझी फुकट वाहायची, ही वेठ. एकटादुकटा नाही म्हणाला तर फटके खायचा. सगळ्यांनी एकदम नाही म्हणायचं तर आधी बसून ठरवायला हवं, आणि सभेला परवानगी मिळत नव्हती. परभणीहून आलेल्या कार्यकर्त्यानं तोड काढली. लग्नाची सुपारी फोडायला माणसं जमली तर कोण अडवतंय? नवरदेव मी, नवरी काकांची लेक.

बैठक झाली. पोलीस डोकावला, गूळ खाऊन गेला. पण सुपारी पंचांपुढं खरीच फोडलेली, आणि आमच्यात फोडलेली सुपारी म्हणजे अर्धं लग्न. ताडकळसला तिचं जमत आलं होतं. तिथून निरोप आला, "दिलेली पोरगी आमी कशाला करू?" खरं सांगावं, तर त्या मुलाचा मामाच पोलीस पाटील. बैठकीची गोष्ट फुटली असती.

"ह्यालाच देऊन टाका," काकू म्हणाल्या. "पोरगं गरीब हाय."

मी काकांशेजारी जेवत होतो. चुलीपुढून लेक बोलली, "बाबा, न इचारता राबवून घ्यायचं, तिलाच तुमी वेठ म्हंता ना? मग मला कुणी इचारलं?"

"लय बोलायलीस," काका म्हणाले. पण ताटातली भाकर तशीच टाकून उठले.

पुढं मी बऱ्याच गावांतून अशी कामं केली. कुणाची आड घ्यायची तर आधी त्यालाच विचारायचं, ही शिकवण मला कुठल्या पुढाऱ्यानं दिलेली नाही.

मग बोरीत अंमलदार आला. चावडीपुढं ओझी पडली, कुणी हात लावला नाही. "हे कधी ठरवलं?" त्यानं विचारलं. कुणीच तोंड उघडायचं नाही असं ठरलं होतं. काका पुढं झाले आणि सगळं गाव ऐकेल असं बोलले, "सुपारीच्या दिवशी, सरकार. सुपारी खोटी होती. माझी लेक कुणाला दिलेली न्हाई."

अंमलदार हसला. "और दूल्हा?"

 मी काकांशेजारी जाऊन उभा राहिलो.

आम्हाला जिंतूरच्या कोठडीत घातलं. तिथं काकू भाकरी घेऊन आल्या. काकांनी आधी तेच विचारलं, "ताडकळसचं कुणी आलं?"

"न्हाई अजून. पोरगी म्हणती, न्हाई आले तर न्हाई."

 काकांनी फडकं सोडलं. भाकरी दोघांपुरत्या होत्या.