जाऊबाईंनी डबा आणला नाही तो गुरुवार

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितलेली नाही, आईलाही नाही. देवापुढे तर नाहीच — देवाशी माझं तेवढं बोलणं नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझ्या जाऊबाईंना ओळखत नाही. ओळखत असता तर एकतर माझी बाजू घेतली असती, नाहीतर त्यांची. मला दोन्ही नको आहे.

सुरुवात डब्यापासून करावी लागेल. त्या डब्याचा मला राग आहे. होता नाही, आहे. पश्चात्तापानं शांत झालेली बाई बोलते आहे असा गैरसमज नको.

आम्ही दोघी जावा कतारमध्ये, दोहात. नवरे सख्खे भाऊ, दोघंही गॅसच्या कंपन्यांत. सासर पुण्याचं, अंड्यालासुद्धा न शिवणारं. माझं माहेर मालवणचं. लग्नात कुणी काही बोललं नाही — सुशिक्षित माणसं ना! पण जाऊबाई माझ्याकडे जेवायला आल्या की पिशवीतून स्वतःचा स्टीलचा डबा काढायच्या. आत पोळी-भाजी आणि चमचासुद्धा. मुलीचा वाढदिवस असो की गणपती, मी आंघोळ करून पहाटेपासून पुरण वाटलेलं असो. "माझं पथ्य असतं गं," म्हणायच्या. कसलं पथ्य? इथल्या वेस्ट बे भागातल्या हॉटेलात पनीर चालायचं त्यांना. ते कुठल्या तव्यावर भाजलं, आचारी कोण, हे विचारलं कधी? मग माझ्याच हाताला काय लागलं होतं? मला माहीत होतं काय लागलं होतं. त्यांनाही माहीत होतं. आणि मी वर्षानुवर्षं हसून त्यांच्या डब्याशेजारी पाण्याचा पेला ठेवत आले.

त्या वर्षी थोरल्या दिरांची बायपास झाली. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. म्हणजे म्हणायचो. सुखरूप घरी आले. माझी मुलगी इथल्या अमेरिकन शाळेत. नोव्हेंबर आला की थँक्सगिव्हिंग, टर्की, 'पंपकिन पाय' म्हणतात तो लाल भोपळ्याचा गोड पदार्थ, हाच जप. दादांनी ते ऐकलं आणि मला म्हणाले, "आभारच मानायचे ना? या वर्षी मलाच मानायचेत. कर तू, मी येतो."

थँक्सगिव्हिंग गुरुवारी येतं. आणि तो गुरुवार नेमका मार्गशीर्षातला पहिला निघाला — महालक्ष्मीच्या उपासाचा. जाऊबाई ते व्रत नेहमीच करायच्या, पण या वेळी दादांसाठी नवस बोलल्या होत्या: हे बरे झाले तर महिनाभर कांद्या-लसणालाही शिवणार नाही. फोनवर म्हणाल्या, "पहिल्याच गुरुवारी घरात तो पक्षी शिजवणार तू?" मी म्हटलं, वहिनी, तुमचं सगळं वेगळं करते.

आणि केलं हो. मनापासून केलं, हे मला सांगू द्या. नवा ट्रे आणला, नवं उलथनं आणलं. टर्कीसोबत असतं ते सारण त्यांच्यापुरतं निराळं केलं: पावाचे तुकडे, गाजर, सेलरी, अक्रोड, नुसत्या भाज्यांच्या पाण्यात भिजवले. टर्की ओव्हनमध्ये जायच्या आधी त्यांचा ट्रे भाजून बाजूला झाकून ठेवला. इतकी काळजी मी कशासाठी घेत होते? त्यांच्या देवीसाठी? छे. एकदा तरी त्यांनी माझ्या घरचं खावं म्हणून.

संध्याकाळी त्या घरची पूजा आटोपून, पोथी वाचून, नैवेद्य दाखवून आल्या. हातात पिशवी नव्हती. "दवाखान्याच्या फेऱ्यांनी दमून गेले गं. आज तुझ्याकडेच उपास सोडते." मला आनंद झाला. लाज वाटावी इतका झाला.

मग त्यांनी टेबलावर मांडलेलं आपलं ताट उचललं, सिंकपाशी गेल्या आणि साबण लावून धुतलं. सगळ्यांच्या देखत. नवऱ्याचे साहेब टेक्सासचे, बायकोला घेऊन आले होते. ती बिचारी विचारत राहिली, ताटात काही खराब आहे का? जाऊबाई मला मराठीत म्हणाल्या, "तुमच्याकडे कशाला काय लागलेलं असेल, सांगता येत नाही बाई."

तुमच्याकडे. माझी मुलगी उत्तरं इंग्रजीत देते, पण मराठी तिला सगळं कळतं. तिनं आपल्या हातातल्या ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी स्वयंपाकघरात गेले.

इथं मी कित्येक दिवस स्वतःलाच एक वेगळी हकिगत सांगत होते. की घाई होती. की दोन ट्रे शेजारी होते, पळी चुकली. देवळाबाहेरच्या चपलांसारखी अदलाबदल, त्यात काय एवढं? — खोटं. साफ खोटं. त्यांचा ट्रे वरून थोडा कोरडा पडला होता. टर्कीखाली सुटलेला रस अजून गरम होता. मी आमटीची मोठी पळी घेतली, तो रस भरला आणि त्यांच्या ट्रेवर सगळीकडे सारखा सोडला. मुरेपर्यंत उभी राहिले.

त्यांनी विचारलं, "हे माझंच ना?"

"तुमचंच आहे, वहिनी."

त्यांनी डोळे मिटून नमस्कार केला आणि पहिला घास घेतला. दुसऱ्यांदा मागून घेतलं. बायको धाकट्या जावेकडचं जेवते आहे हे बघून दादांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मला? मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. भांडी आवरताना मी गुणगुणत होते.

गोष्ट इथंच संपली असती तर मी ती एव्हाना चवीनं मैत्रिणींना सांगितली असती. पण संक्रांत झाली आणि दादा एका सकाळी उठलेच नाहीत.

दादांच्या नोकरीवर जाऊबाईंचा इथला व्हिसा. तो संपणार म्हणून घर बंद करायचं होतं. मी खोकी भरायला गेले. त्या जमिनीवर बसून होत्या, हातातली चादर घडी करायची विसरून. म्हणाल्या, "कुठं चुकलं गं माझं?"

असं काही नसतं वहिनी, मी म्हटलं.

"असतं. मी एकेक गुरुवार आठवून बघितला. पहिला तुझ्याकडे होता, तिथं काही चुकलं नाही. तू किती निगुतीनं केलंस. दुसऱ्याला मला दवाखान्यात उशीर झाला, दिवा वेळेवर लागला नाही. तिथंच गेलं सगळं. मी घालवलं त्यांना."

पळीभर रसानं माणूस मरत नाही, हे मला कळतं. उशिरा लावलेल्या दिव्यानंही मरत नाही. पण त्यांच्या हिशेबात मरतो, आणि त्या हिशेबात गुन्हेगार त्या नव्हत्या, मी होते. एक वाक्य बोलायचं होतं. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या, जन्मात माझं तोंड पाहिलं नसतं — पण स्वतःवरचा आरोप तरी सुटला असता. मी काय केलं? त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. त्या माझ्या खांद्यावर रडल्या.

त्यांना धक्का बसेल म्हणून गप्प बसले, असं म्हणता येईल. म्हणणार नाही. पुण्यात, सासरी, त्या सगळ्यांना सांगत होत्या की नीताच्या, म्हणजे माझ्या, घरचं त्या डोळे मिटून खातात. ते मला हवं होतं. फसवून मिळवलेलं का होईना, हवं होतं. याचीच चीड येते. त्यांच्या सोवळ्याची येते, माणूस गेल्यावर बाईला स्वतःच्या चुका शोधायला लावणाऱ्या त्या सगळ्या पोथ्यापुराणांची येते, पण या माझ्या हावरेपणाची सर्वांत जास्त.

आता त्या पुण्यात एकट्या असतात. व्रत करत नाहीत. ते सवाष्णींचं, म्हणतात. पण मार्गशीर्षात गुरुवारी दुपारपासूनच दिवा लावतात आणि त्याच्यासमोर बसून राहतात, उशीर नको म्हणून. मागच्या खेपेला मी गेले तेव्हा तशाच बसल्या होत्या. वात विझेल म्हणून उठल्या नाहीत. म्हणाल्या, "चहा तूच कर गं. तुझ्या हातचा मला चालतो."

मी चहा केला. त्यांनी घेतला. मी समोर बसून होते, आणि कप रिकामा झाल्यावर तो उचलून विसळायला नेला.