आप्पांच्या फोनची डबी

ललिताचे सासरे आप्पा यांचा फोन म्हणजे कोथरूडच्या त्या घरात देवाच्या खालोखालचं प्रकरण. वर्षानुवर्षं वाट पाहून मिळालेला, विणलेल्या रुमालाखाली झाकलेला. आता अर्ज केला की आठवड्याभरात फोन येतो, हे आप्पांच्या गावीही नव्हतं.

त्याच तारेवर ललिताची नोकरी चालायची, हे मात्र घरात कुणी खिजगणतीत धरत नव्हतं. परदेशातले डॉक्टर रुग्णांविषयी बोलून रेकॉर्ड करून ठेवत, ते ऐकून ती टाईप करून पाठवी. लेकीला सांभाळून घरबसल्या मिळालेलं, तिचं स्वतःचं काम. आधीचं इंटरनेट लावलं की फोन एंगेज, मग आप्पांची कुरकुर. त्यांच्याच सोयीसाठी हिनं खेटे घालून ब्रॉडबँड आणलं. जोडायला आलेल्या माणसानं नीट सांगितलं होतं, "तार तीच. बोलणं खालच्या पट्टीत जातं, इंटरनेट पार वरच्या पट्टीत, म्हणून दोन्ही एकदम चालतं. फक्त प्रत्येक फोनच्या मागे ही डबी हवी. ती दोघांना एकमेकांत मिसळू देत नाही." आप्पांच्या खोलीत त्याच तारेवर दुसरा, पॅरलल फोन होता, त्यालाही त्यानं डबी लावली. फायली भराभर जायला लागल्या, आणि तिकडे आप्पांच्या गप्पाही रंगल्या.

थोडे दिवस सुखाचे गेले नि इंटरनेट तुटायला लागलं. फाईल अर्धी गेली की बंद. तक्रार केली तर तिकडून एकच उत्तर, मॉडेम बंद करून परत चालू करा. नवरा म्हणाला, तूच काहीतरी दाबलं असशील. घरात काही बिघडलं की खापर फोडायला सून आहेच! आणि आप्पांनी तर कहरच केला. "तुझं इंटरनेट आल्यापासून फोनमध्ये नुसती खरखर. मी टेलिफोन ऑफिसात कळवलंय, ते काढून टाका म्हणून." हिला विचारायची गरजही वाटली नाही त्यांना.

अखेर तिला टायपिंगचं काम देणाऱ्या नंदाताईंनी स्पष्टच सांगितलं, "ललिता, आजची फाईल वेळेत आली नाही, तर मला दुसरी कुणीतरी बघावी लागेल."

त्या दुपारी फाईल निघाली आणि मध्येच अडकली. त्याच क्षणी शेजारच्या खोलीतून आप्पांचं हसणं ऐकू आलं, आणि ललिताच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तुटतं तेव्हा आप्पा फोनवर असतात. ती तशीच आत गेली, टेबल पुढे ओढलं. फोनची वायर थेट भिंतीत शिरलेली. डबीचा पत्ता नाही.

"आप्पा, इथली डबी?"

आप्पांनी रिसीव्हरवर हात ठेवला. "ती होय? काढली मी. माझ्या फोनला तुझं लोढणं कशाला? कपाटात टाकलीय."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे खरखर यांच्यामुळे, तुटणं यांच्यामुळे, आणि बोलणी हिनं खायची! तिनं कपाटातून डबी काढली, आप्पांचं संभाषण चालू असतानाच वायर उपसली आणि मध्ये डबी बसवली. ती बाहेर आली. फाईल सरळ गेली, पाठोपाठ नंदाताईंचा निरोप आला, मिळाली म्हणून.

तेवढ्यात आप्पांनी मित्राला पुन्हा फोन लावलेला तिला ऐकू आला. "वैजनाथ, खरखर गेली बघ. मी तक्रार केली होती ना. आपण दम दिल्याशिवाय हलत नाहीत हे लोक."

ललितानं ते ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी लेकीला कडेवर घेऊन टेलिफोन ऑफिसात गेली आणि स्वतःच्या नावावर अर्ज देऊन आली.

आठवड्याभरात लाइनमननं नवी तार थेट तिच्या टेबलापाशी आणली आणि इंटरनेट जुन्या तारेवरून काढून या तारेवर दिलं. आप्पा चष्मा लावून बघायला आले.

"हे काय? फोन कुठाय?"

"नाही लावला."

"मग या तारेवर बोलणार कोण?"

"कुणीच नाही. ही माझ्या कामाची तार आहे," ललिता मॉनिटरवरून नजर न हलवता म्हणाली. "आणि आप्पा, ती डबी आता खुशाल काढा."