पुढे द्या

मी पदवीपर्यंत पोहोचलो तो मास्तरांमुळे. ते शाळेत शिकवत नव्हते. अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते आणि रविवारी आमच्या मंडळीतल्या मुलांना बायबल शिकवायचे, म्हणून मास्तर. मला मात्र ते आठवतात चर्चमधल्या शेवटच्या बाकावर. प्रभुभोजनाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत सगळ्यांनी घ्यायच्या द्राक्षरसाच्या, बारीक प्याल्यांचा ट्रे हातात आला की एकही प्याला न उचलता शेजाऱ्याला म्हणायचे, "पुढे द्या."

पाच वर्षं असंच चाललं. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. कारखान्यातल्या संपात याच मास्तरांनी चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना केली होती, "प्रभू, आमच्यातला एकही आत न जावो." चौथ्या महिन्यात त्यांची मुलगी तापाने फणफणली, घरात तांदूळ नव्हते, आणि एका सकाळी मास्तर मागच्या फाटकातून कामावर गेले. मग संप मोडलाच. ज्यांना कामावर परत घेतलं नाही, त्यांत त्याच कारखान्यातले माझे बाबा होते. त्यांनी उल्हासनगरात एका सिंधी शेठकडे जीन्सला काजं करायचं काम धरलं.

मास्तरांनी मुलांचा वर्ग आपणहून सोडला. चर्चच्या पाळकसाहेबांनी समजावलं तर म्हणाले, "साहेब, कोणत्या तोंडाने शिकवू?" सुट्टीच्या दिवशीसुद्धा ते पाळी संपवून आल्यासारखे दिसायचे. तुम्हीही असा एखादा दमलेला माणूस पाहिला असेल.

मी बारावीला इंग्रजीत दुसऱ्यांदा नापास झालो. त्या महिन्यातल्या प्रभुभोजनाला बाबा उठून मास्तरांशेजारी जाऊन बसले. ट्रे आला.

"पुढे द्या," मास्तर म्हणाले.

बाबांनी दोन प्याले उचलले. एक त्यांच्यापुढे धरला. "घे."

"अरे, मी..."

"काजं करून खांदा गेलाय माझा. किती वेळ धरून बसू?"

पुढच्या बाकावरची एक बाई फिसकन हसली. मास्तरांनी प्याला घेतला. निम्मा शर्टावर सांडला, उरलेला प्यायले.

बाहेर चपला घालताना बाबा म्हणाले, "पोरांचा वर्ग परत सुरू कर. आधी हा घे. इंग्लिशमध्ये भोपळा आहे."

"माझ्याकडे पाठवशील?"

"दुसरं कोण घेईल याला?"

कामावरून सुटले की मास्तर थेट चर्चच्या व्हरांड्यात यायचे. मराठी आणि इंग्रजी बायबल शेजारीशेजारी उघडायचे. डोळे मिटत असायचे, पण मी अडखळलो की लगेच, "पुन्हा. अडलं म्हणून वाक्य सोडायचं नसतं." हळूहळू लहान मुलंही येऊ लागली. मी पास झालो, बी.ए. झालो, आमच्या घराण्यातला पहिला. मास्तर निवृत्त होऊन नगरकडे गावी गेले.

बाबा वारले, त्यानंतर मी त्यांना हे पत्र टाकलं:

"मास्तर, ख्रिस्तामध्ये सलाम. बाबा मंगळवारी गेले. एक गोष्ट तुम्हाला कळवायला सांगून गेले. तुमच्या तोंडावर बोलायचं धाडस त्यांना शेवटपर्यंत झालं नाही. त्या सकाळी तेही डबा घेऊन मागच्या फाटकाशी आले होते. तुम्ही आत जाताना दिसलात आणि ते शरमेने मागे फिरले. लोक त्यांना पक्का माणूस म्हणत राहिले, त्यांनी म्हणू दिलं. म्हणाले, 'मास्तरला सांग, मलाही माफ कर.' दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल. कबरीवरची माती अजून ओली आहे. मी तिथे जाऊन त्यांना वाचून दाखवीन."