भर उन्हात अंधार आणि टेस्टरभाऊजी

टेस्टरभाऊजींचं खरं नाव आमच्या गल्लीत कुणाला आठवत नाही. त्यांच्या मुलीला आठवत असेल, पण तीही चिडली की "या टेस्टरसाहेब" असंच म्हणते. वरच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर, हे गेली चाळीस वर्षं. एकदा बँकेत सही करायला त्यांनी खिशातून तोच काढला होता, असं आमचे हे सांगायचे. ह्यांचे ते मित्र, म्हणून मी वहिनी आणि ते भाऊजी.

तरुणपणी ते वीज कंपनीत लाइनमन होते. डाव्या हाताची दोन बोटं खांबावरच गेली. लाइन बंद करून वर चढले होते. तेवढ्यात खालच्या छापखान्यात कुणीतरी जनरेटर लावला आणि करंट उलटा तारेवर आला. "जिवंत तारेशी उभं आयुष्य खेळलो वहिनी, आणि मारलं कुणी? मेलेल्या तारेनं!" एवढंच म्हणतात. नंतर नोकरी सोडून घरांचं वायरिंग करू लागले. आमचं घर त्यांच्याच हातचं. एक बटण कधी रुसलं नाही. फक्त स्वयंपाकघराचं बटण दाराच्या मागे आहे. ते तिथे का बसवलं हे त्यांनाही सांगता येत नाही.

माझ्या मुलाने गच्चीवर सोलर बसवायचं ठरवलं, तेव्हा भाऊजी सहासष्ट वर्षांचे. ऐकल्या ऐकल्या उठून दहा दिवसांच्या शिकवणीला जाऊन बसले. त्यांच्या मुलीने मात्र कपाळाला हात लावला.

"बाबा, आता पुरे झाली शिडी. गुडघे बघा."

"हे एक घर करू दे. यात चूक निघाली तर हत्यारांची पिशवी तुझ्या हातात देईन. पुन्हा मागणार नाही."

"काकू, तुम्ही साक्षीला," ती मला म्हणाली. मी मान हलवली. कशाला हलवली कोण जाणे.

चार दिवस गच्चीवर ठोकाठोक चालली. लोखंडी सांगाडा उभा राहिला, त्यावर काळ्याभोर काचा चढल्या आणि माझी कपडे वाळत घालायची दोरी गेली. जिन्याच्या भिंतीवर मीटरशेजारी एक पांढरी पेटी बसली. काचांवरची वीज या पेटीत येते आणि पेटीतून घरात जाते, असं भाऊजींनी मला तीनदा समजावलं. शेवटच्या दिवशी पेटीवर हिरवा दिवा लागला. भाऊजींनी टेस्टर खिशात असा खोचला, जणू तलवार म्यान करताहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला गल्लीची लाइट गेली. आमच्या भागात जुन्या तारा बदलायचं काम निघालं होतं. मी खुशाल पंख्याखाली बसले, म्हटलं जाऊ दे, आपल्या डोक्यावर सूर्य आहे. तर पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला. जिन्यात जाऊन पाहते तर पेटीवर लाल दिवा. बाहेर ऊन असं की डोळे उघडवेनात.

भाऊजी धावत आले. मापायचं यंत्र घेऊन वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले.

"वहिनी, काचा करंट देताहेत. तारेत करंट आहे. पेटीपर्यंत येतोय. आणि पेटी गिळून बसलीय."

"मग तिला काय, अजीर्ण झालंय का?"

ते हसले नाहीत. तेवढ्यात गल्लीची लाइट आली आणि पेटी लगेच हिरवी! जसं काही घडलंच नाही. म्हणजे गरज नसताना राबते आणि गरज पडली की अंग टाकते. असे पाहुणे मी पुष्कळ पाहिलेत, यंत्र पहिल्यांदाच पाहिलं.

तिसऱ्या दिवशी तेच. भाऊजींनी सगळे जोड सोडून पुन्हा बांधले. चौथ्या दिवशीही तेच. मुलगा वैतागला, "काका, लाइट गेल्यावर लागत नाही तर हे छत कशासाठी?" भाऊजींनी मापायचं यंत्र पिशवीत टाकलं. जाताना पिशवी आमच्याच जिन्यात ठेवून गेले. मला वाटलं विसरले. मग वाटलं, नाही, हे काही विसरणं नव्हे.

पाचव्या दिवशी ऐन दुपारी लाइट गेली. भाऊजी गच्चीवरच होते. मी गुडघ्यांना शिव्या देत चहा घेऊन वर गेले. ते कठड्याशी उभे राहून कोपऱ्यावरच्या खांबाकडे बघत होते. खांबावर एक लाइनमन कमरेला पट्टा बांधून तारांत दोन्ही हात घालून काम करत होता. भाऊजी त्याच्याकडे बघत होते, मध्येच काचांकडे बघत होते, आणि उजव्या हाताने डाव्या हाताची उरलेली बोटं चोळत होते.

"वहिनी," ते एकदम म्हणाले, "आत्ता या काचांची वीज बाहेर तारेवर गेली असती तर?"

"मला काय विचारता? मी चौथी शिकलेली."

त्यांनी फोन काढला आणि शिकवणीच्या मास्तरांना लावला. पलीकडून मास्तर एवढ्या जोरात बोलले की मलाही ऐकू आलं. "अहो काका, गल्लीची लाइट गेली की पेटी आपणहून बंद होते, ती खांबावरच्या माणसासाठी! ज्या दुपारी हा धडा झाला, त्या दुपारी तुम्ही शिडीवर चढून आमच्या वर्गाचा पंखा दुरुस्त करत होतात!"

भाऊजींनी फोन खिशात ठेवला आणि चहाचा कप उचलला. म्हणाले, "पंखा छान चालला होता पण."

संध्याकाळी त्यांची मुलगी आली. जिन्यातली पिशवी तिला दिसलीच. तिने मलाच धरलं.

"काकू, तुम्ही साक्षीदार. खरं सांगा. लाइट गेली की तुमच्याकडे दिवे लागतात?"

"नाही लागत."

"म्हणजे काम चुकलं."

"नाही. काम चोख झालंय."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझाच जोड कुठेतरी सुटलाय. मग मी मला जमेल तसं सांगितलं, की पेटी बिघडत नाही, ती खांबावरच्या माणसाची वाट बघत थांबते. तुझ्या बाबांच्या वेळी छापखान्यात अशी पेटी असती, तर त्यांची दहाही बोटं जागेवर असती. मधल्या दोन-चार गोष्टी माझ्या उलटसुलट झाल्या. भाऊजी खाली मान घालून बसले होते, त्यांनी एकही सुधारली नाही.

मुलीने बापाच्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग पिशवी उचलून तिने स्वतःच त्यांच्या खांद्याला अडकवली. "गुडघ्याला पट्टा बांधल्याशिवाय शिडी नाही," एवढं बजावलं. दारापर्यंत गेली आणि परत वळली.

"पण काकू, ऊन असताना, काचा असताना, पेटी असताना, घरातला दिवा तरी का लागू नये?"

"बस," मी म्हटलं, "चहा टाकते. ते मलाही अजून नीट कळलेलं नाही."